छप्पर कोणाचे आणि राडारोडा कोणाचा?

वैशाख उतरणीला लागला, की महाराष्ट्रात छपरांची कामे निघतात. कोकणात कौले उतरवून घरांची शाकारणी होते. शहरांतील वस्त्यांतून गळक्या पत्र्यांची मोजदाद सुरू होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सभांत गच्चीच्या कोब्याचा विषय पुन्हा एकदा पटलावर येतो. मृगाच्या आत काम उरकले पाहिजे या घाईत जो तो असतो, आणि त्या घाईत गैर असे काहीच नाही. डोक्यावरचे छप्पर शाबूत असावे ही माणसाची पहिली गरज आहे. या कामांची जी अंदाजपत्रके तयार होतात त्यांत पत्रे, कौले, वासे, सिमेंट, वाळू, मिस्त्रीची मजुरी अशी कलमे ओळीने मांडलेली असतात. एक कलम मात्र बहुधा नसते, आणि असलेच तर ‘किरकोळ’ या सदरात दडपलेले असते. उतरवलेले जुने छप्पर कोठे जाणार, ते कोण वाहून नेणार आणि त्याचा खर्च कोण सोसणार, हे ते कलम होय.

राजकीय पक्षाच्या साप्ताहिकाने गच्चीवरच्या ढिगाऱ्याची चर्चा कशाला करावी, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे, की ज्या कलमाचे पैसे कोणीच देत नाही, ते कलम कोणीतरी अन्य मार्गाने फेडतच असते. कोणी पाठीच्या मणक्याने फेडतो, कोणी फुप्फुसाने फेडतो, तर कोणी नाल्याकाठच्या घरात शिरलेल्या पाण्याने फेडतो. फेडणारे हे सर्व लोक कोणत्या वर्गातले असतात, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही. छप्पर ही खासगी मालमत्ता असली, तरी ते ज्या क्षणी उतरवले जाते त्या क्षणी त्याचा राडारोडा हा सार्वजनिक प्रश्न होतो. म्हणून तो उचलण्याची व्यवस्थाही सार्वजनिकच असली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम या ओझ्याचा अंदाज घेऊ. ५०० चौरस फुटांच्या मंगलोरी कौलांच्या छपराला साधारणपणे ७०० कौले लागतात आणि त्यांचे वजन दीड टनाच्या घरात जाते. सिमेंटचा दहा फुटी पत्रा ४० किलोच्या आसपास भरतो. शहरातील गच्च्यांची गोष्ट याहून निराळी आहे. गळती थांबवण्यासाठी तेथे विटांच्या तुकड्यांचा जो कोबा घातलेला असतो, तो काही वर्षांनी उखडून नव्याने घालावा लागतो. १,००० चौरस फुटांच्या गच्चीवरचा चार इंची कोबा उखडला, तर १५ टनांहून अधिक माल निघतो. एका घमेल्यात २० किलो धरले, तरी जिन्यावरून साडेसातशे खेपा होतात. या खेपा करणारी स्त्री किंवा पुरुष पहाटे नाक्यावर उभा राहून दिवसाच्या बोलीवर आलेला असतो. संस्थेच्या इतिवृत्तात ठेकेदाराचे नाव असते. या माणसाचे नसते.

अमेरिकेत हे काम निराळ्या रीतीने चालते आणि ती रीत समजून घेण्यासारखी आहे. तेथे छप्पर बदलायचे ठरले, की घरमालक किंवा त्याचा ठेकेदार लोखंडाचा एक प्रचंड उघडा डबा भाड्याने आणून अंगणात उभा करतो. या डब्याला तेथे डम्प्स्टर म्हणतात. टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल गावच्या जॉर्ज डेम्प्स्टर नावाच्या कारखानदाराने १९३० नंतरच्या दशकात भरलेला डबा यंत्राने उचलून गाडीवर घेण्याची पद्धत रूढ केली. त्याच्याच नावावरून हा शब्द पडला. तिकडची बहुतेक घरे डांबरी चकत्यांनी शाकारलेली असतात. दोन हजार चौरस फुटांच्या छपराचा असा एक थर काढला, तरी दोन-तीन टन माल निघतो. डब्याच्या भाड्यात साधारणपणे वाहतूक आणि कचराभूमीवरचे शुल्क धरलेले असते, आणि ठरलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरला तर जादा आकार द्यावा लागतो. म्हणजे छप्पर उतरवण्यापूर्वीच ते कोठे जाणार हे ठरलेले असते, त्याचे वजन मोजले जाते आणि त्याची किंमत अंदाजपत्रकात दिसते. एवढ्यापुरती ही पद्धत आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु डबा आला म्हणजे न्याय आला, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत छपरांवर काम करणाऱ्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर मोठ्या संख्येने आहेत, आणि कामावर मृत्यू येण्याचे प्रमाण ज्या धंद्यांत सर्वांत जास्त आहे, त्यांत तेथील सरकारी आकडेवारीप्रमाणे हा धंदा वर्षानुवर्षे अगदी वरच्या क्रमांकांवर राहिला आहे. त्याच टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ रोजी एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत शिरले आणि कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. त्यांच्या हातांतील फलकांवर ‘मी माणूस आहे’ एवढेच शब्द होते. त्या संपाला पाठिंबा देण्यासाठी गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्येच हत्या झाली. संघटनेला मान्यता आणि वेतनवाढ मिळाली ती त्यानंतर. यंत्र, डबा आणि शुल्क यांची व्यवस्था बाजार करू शकतो. कामगाराला माणूस म्हणून मोजण्याची व्यवस्था संघटनेलाच करावी लागते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याकडे कायदा नाही, असे मुळीच नाही. केंद्र सरकारने मार्च २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकाम यांतून निघणाऱ्या कचऱ्यासंबंधी स्वतंत्र नियम जारी केले. दिवसाला २० टनांहून अधिक किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांहून अधिक कचरा काढणाऱ्यांवर त्यांत वर्गीकरणाची आणि आराखड्याची सक्ती होती. पण त्याहून महत्त्वाची तरतूद स्थानिक संस्थांविषयी होती. राडारोडा गोळा करण्यासाठी योग्य ते डबे ठेवावेत आणि ते भरताच किंवा ठरावीक काळाने उचलावेत, असे कर्तव्य या नियमांनी नगरपालिका व महापालिकांवर टाकले होते. अमेरिकेतील घरमालक जो डबा भाड्याने आणतो, तो डबा आपल्या नियमांनी पालिकेच्या कर्तव्यांतच घातला होता. वाचकांनी स्वतःलाच विचारावे, की आपल्या वस्तीच्या तोंडाशी असा डबा गेल्या दहा वर्षांत किती वेळा दिसला?

२०२५ मध्ये केंद्राने या विषयावर नवे नियम प्रसिद्ध केले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतील असे ठरवले. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांवर त्यांनी कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली. मोठ्या बिल्डरला जाब विचारला जातो, हे स्वागतार्हच आहे. मात्र दहा बाय पंधराच्या खोलीचे छप्पर अशा मापात कधीच सापडणार नाही. असली लाखो छोटी कामे एकत्र केली तर त्यांचा डोंगर होतो, आणि तो डोंगर एकेका गोणीने रात्रीच्या अंधारात शहरभर पसरत राहतो.

तो पसरतो कसा, हे कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माल भरायचा, काही दिवस जिन्याखाली किंवा गल्लीच्या कोपऱ्यात ठेवायचा, मग टेम्पोवाल्याला चार पैसे देऊन ‘कुठेही टाक’ असे सांगायचे. हे ‘कुठेही’ म्हणजे मुंबईत खाडीचा काठ, पुण्यात नदीपात्र किंवा टेकडीचा उतार, आणि इतरत्र गावाबाहेरचा ओढा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरावांनी आणि बांधकामांनी आवळलेल्या मिठी नदीने काय केले ते सर्वांनी पाहिले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांवर राडारोडा टाकण्यास मनाई केली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्याच्या आंबील ओढ्याला पूर आला आणि काठच्या वस्त्यांतील माणसे दगावली. एकट्या राडारोड्याने हे पूर आणले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ओढ्याच्या पात्रात पडलेली प्रत्येक गोणी पाण्याची जागा घेते, आणि जागा हरवलेले पाणी प्रथम खालच्या बाजूच्या झोपड्यांत शिरते, एवढे समजायला जलतज्ज्ञ असावे लागत नाही.

न्यायालयांनी हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर हाताळून पाहिला आहे. मुंबईतील कचराभूमी भरून वाहत असल्यामुळे उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये नव्या बांधकामांच्या परवानग्यांना मज्जाव केला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये राडारोड्याची सुरक्षित विल्हेवाट लावण्याच्या अटीवर तो शिथिल केला. त्यानंतर मुंबई महापालिकेने दहिसर आणि शीळफाटा येथे प्रक्रिया केंद्रे उभारली आणि छोट्या कामांसाठी ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही सेवा चालवली. पुणे महापालिकेने वाघोलीला प्रक्रिया केंद्र काढले. राडारोड्यातून खडी, वाळू, पदपथाचे ठोकळे बनू शकतात, हे आता सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही. म्हणजे तंत्र आहे, कायदा आहे, काही ठिकाणी कारखानाही आहे. वस्तीतील छपरापासून त्या कारखान्यापर्यंतची मधली वाट तेवढी बांधायची राहिली आहे. आणि ही वाट गरिबाच्या दारातून जाते, म्हणूनच ती राहिली आहे.

याहून गंभीर भाग सिमेंटच्या पत्र्यांचा आहे. ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यात सर्वसाधारणपणे आठ-दहा टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असेपर्यंत हे तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. तो फोडला, कापला, घासला किंवा झिजून जीर्ण झाला, की ते मोकळे होतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. त्यांतून होणारा कर्करोग वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होतो. सर्व प्रकारचे ॲस्बेस्टॉस माणसात कर्करोग निर्माण करते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निष्कर्ष आहे. युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. वर्षानुवर्षे हे खनिज जगाला विकणाऱ्या कॅनडाने २०१८ मध्ये बंदी घातली. अमेरिकेने आजही वापरात असलेल्या प्रकारावर २०२४ मध्ये बंदीचा नियम केला. आपल्या देशाने १९८६ पासून खाणींना नवे पट्टे देणे थांबवले, पण आयात थांबवली नाही. खाणकामगाराला जे घातक ठरले, ते नाक्यावरच्या मजुराला निरुपद्रवी कसे ठरते, याचे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले आणि ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे जपून ठेवावी, असा आदेश दिला. हा निकाल कारखान्याच्या फाटकाशी थांबतो. छपरावर चढून तोच पत्रा घणाने फोडणारा बिगारी कोणाच्याच हजेरीपटावर नसतो; मग त्याची नोंद चाळीस वर्षे ठेवणार कोण? कारखान्यातील टाकाऊ ॲस्बेस्टॉस सरकारी नियमांप्रमाणे घातक कचऱ्याच्या यादीत आहे. छपरावरून उतरलेला पत्रा मात्र टेम्पोत मावावा म्हणून पायाखाली तुडवला जातो आणि त्याचे उरलेले तुकडे मोरीला आडोसा किंवा कोंबड्यांचे खुराडे झाकायला वापरले जातात. त्या तुकड्यांशी मुले खेळतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात घरोघरची छपरे उडाली, तेव्हा नवे पत्रे कसे मिळतील याची चर्चा सर्वत्र झाली आणि ती रास्तच होती. फुटलेल्या पत्र्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र गावाने आपापल्या परीने सोडवायचा, असेच गृहीत धरले गेले.

कामगार कायद्यांनी या माणसाला कसे वगळले, तेही पाहण्यासारखे आहे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये केंद्रीय कायदा झाला. त्यात दहापेक्षा कमी कामगार असलेली कामे आणि स्वतःच्या राहण्याच्या घराची दहा लाख रुपयांपर्यंतची कामे बाहेर ठेवण्यात आली होती. छपराची बहुतेक कामे या दोन्ही फटींतून निसटतात. २०२० च्या नव्या संहितेने ही फट बुजवण्याऐवजी घराच्या कामांची मर्यादा पन्नास लाखांवर नेली. सामान्य घरमालकावर कायद्याचा बोजा नको, असा युक्तिवाद त्यामागे असेल. पण बोजा नाहीसा झालेला नाही. तो शिडीच्या खालच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर गेला आहे.

आपल्या मागणीवर दोन आक्षेप येतील आणि त्यांना टाळून चालणार नाही. पहिला आक्षेप आपल्यातलेच लोक घेतील. राडारोड्याबद्दल कडक नियम आणि दंड आले, तर त्याची झळ प्रथम झोपडीधारकालाच बसेल, असे ते म्हणतील. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दंडापासून सुरुवात करणे चुकीचे ठरेल. जेथे डबाच ठेवलेला नाही, तेथे रस्त्यावर गोणी टाकणाऱ्याला दंड करण्याचा नैतिक अधिकार पालिकेला पोचत नाही. आधी डबा आणि मग दंड, असाच क्रम असला पाहिजे. दुसरा आक्षेप असा, की सिमेंटचा पत्रा हे गरिबाचे छप्पर आहे. तो थांबवला तर गरिबाने काय घालावे? ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंटचे पत्रे बाजारात मिळतात. त्यांना जो जादा पैसा पडतो, तो घरकुलाच्या सरकारी योजनांनी सोसावा. स्वस्ताई हा युक्तिवाद गरिबाच्या फुप्फुसाच्या बाबतीतच नेहमी का आठवतो, याचाही कधीतरी विचार व्हावा.

या प्रश्नावर मार्ग कसा काढता येतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ओझे वाहणाऱ्या माणसाला संघटित करून त्याच्या श्रमाला दर आणि प्रतिष्ठा मिळवून दिली. १९६९ च्या माथाडी कायद्याने ठरावीक मालक नसलेल्या कामगारालाही मंडळाच्या मार्फत नोंदणी, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी देता येतो, हे दाखवून दिले. १९९३ मध्ये पुण्यात कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ मध्ये या संस्थेचा पुणे महापालिकेशी करार झाला, आणि जी बाई उकिरड्यावर कचरा शोधत होती ती घरोघरचा कचरा गोळा करणारी अधिकृत सेवक झाली. घरातील कचऱ्याच्या बाबतीत जे साधले, ते छपराच्या राडारोड्याच्या बाबतीत का साधू नये?

तेव्हा कार्यकर्त्यांपुढे कार्यक्रम स्पष्ट आहे. प्रत्येक प्रभागात पालिकेने राडारोड्याचे डबे ठेवावेत आणि निदान एप्रिल ते जून या काळात ते दर आठवड्याला उचलावेत. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना ही सेवा मोफत असावी, गृहनिर्माण संस्थांनी वजनाप्रमाणे आकार द्यावा आणि बिल्डरकडून पूर्ण खर्च वसूल व्हावा. सिमेंटच्या पत्र्यांसाठी वेगळी गाडी आणि वेगळी जागा असावी. ही उचल मोठ्या ठेकेदाराला न देता नाक्यावरच्या कामगारांच्या सहकारी संस्थांना ठरलेल्या दराने द्यावी. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून जो निधी जमतो, तो वर्षानुवर्षे पडून राहतो, याबद्दल सर्वोच्च न्यायालयानेच २०१८ मध्ये ताशेरे ओढले होते; त्या निधीतून या कामगारांची नोंदणी, आरोग्यतपासणी आणि संरक्षक साधने पुरवावीत.

सरकार हे करील तेव्हा करील. येत्या हंगामात आपल्याला स्वतः करता येण्यासारखेही बरेच आहे. नाक्यानाक्यावर जाऊन पुढील गोष्टी सांगाव्यात. सिमेंटचा पत्रा फोडू नये. आधी तो पाण्याने भिजवावा, बोल्ट काढून अखंड उतरवावा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा. खाली पडलेला चुरा कोरडा झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावा. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत; त्यासाठी योग्य प्रतीचा मुखवटा लागतो आणि त्याचा खर्च काम देणाऱ्याने द्यायचा असतो. ज्या संस्थांच्या कार्यकारिणीवर आपले सहकारी आहेत, तेथे गच्चीच्या कामाच्या अंदाजपत्रकात राडारोडा उचलण्याचे कलम स्वतंत्र लिहावे, तो कोणत्या केंद्रावर गेला याची पावती मागावी आणि काम करणाऱ्यांची नावे इतिवृत्तात नोंदवावीत. प्रभाग कार्यालयात जाऊन डबा कोठे ठेवला आहे हे लेखी विचारावे. उत्तर आले नाही, तर त्याच गोण्या कार्यालयाच्या दारात नेऊन त्यांचा हिशेब मागण्याचा मार्ग मोकळा आहे.

छप्पर हवे, ते सर्वांना हवे, आणि ते गळू लागले तर बदललेही पाहिजे. पण एकाच्या डोक्यावरचे नवे छप्पर दुसऱ्याच्या छातीतला धूर आणि तिसऱ्याच्या घरातला पूर होऊन उभे राहणार असेल, तर त्याची खरी किंमत अजून चुकती झालेली नाही, असेच म्हणावे लागेल. ती चुकती करण्याची सुरुवात प्रभागातल्या एका लोखंडी डब्यापासून होऊ शकते. यंदाचा मृग लागण्यापूर्वी तो डबा मागायला आपण निघाले पाहिजे.